पाणसळ

पलंगावर एकतीस वस्तू होत्या. टीव्ही एक, चोवीस इंची, बारा व्होल्टवर चालणारा. भिंतीला लावायची लोखंडी पट्टी एक, तिला चार लांबट छिद्रं. टीव्हीच्या पाठीला बसवायचे आकडे दोन. मोठे स्क्रू सहा, लहान आठ. वॉशर नऊ, त्यातला एक गंजलेला. ड्रिल मशीन एक, तिचं बिट एक, टेप एक, पेन्सिल एक. स्क्रू ड्रायव्हर आण्णांच्या खिशात होता म्हणून तो धरला नाही.

"झालं का मोजून?" आण्णांनी विचारलं.

"एकतीस."

"बरं झालं. तीस असत्या तर आजचा दिवस फुकट गेला असता."

तो मंगळवार होता. संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि ओट्यावर तिळाच्या वड्यांचा डबा अजून अर्धा भरलेला होता. सकाळचे सव्वादहा वाजले होते. गुरुवारी पहाटे पाचला आई आणि आण्णा या गाडीतून निघणार होते. आंबोली घाटानं खाली उतरायचं, गोवा, कारवार, आणि तसंच समुद्राच्या कडेकडेनं कन्याकुमारी. अडीच महिने. टीव्ही बसवणं हे यादीतलं शेवटचं काम होतं.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी बस. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर आण्णांनी ती घेतली, आतल्या सव्वीस सीटा उपटल्या आणि अडीच वर्षं खपून तिचं घर केलं. पुढे ड्रायव्हरची सीट आणि शेजारी आईची. मधे ओटा, बेसिन, दोन शेगड्या. त्यामागे संडास-बाथरूमचा तीन फुटी खण. आणि सगळ्यात मागे, प्लायवूडच्या भिंतीआड, झोपायची खोली. पलंग, कपाट आणि दोन खिडक्या, एवढ्यात ती संपायची. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात, पण तो शब्द घरात मी एकटीच वापरायचे. आण्णा 'गाडी' म्हणायचे. आई 'मागचं घर' म्हणायची, कारण पाचवडला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत ती उभी असायची.

माझं एम.एस्सी. होऊन सात महिने झाले होते. विषय भौतिकशास्त्र. तीन ठिकाणी अर्ज केले होते, कुठूनही उत्तर आलं नव्हतं. मी घरीच होते, त्यामुळे मदतनीस मीच.

आईनं प्रवासाला यायला तीन अटी घातल्या होत्या. पाण्याची टाकी शंभर लिटरच्या खाली नको. संडासाच्या दाराला आतून कडी. आणि झोपायच्या खोलीत टीव्ही. पहिल्या दोन आण्णांनी हसत मान्य केल्या. तिसरीवर महिनाभर वाद चालला.

"अगं, समुद्र बघायला निघालीयस का टीव्ही बघायला?"

"दिवसा समुद्र बघीन की. सातला माझी मालिका असती. त्याच्या आधी गाडी कुठंतरी नीट लावायची, हातपाय धुवायचे आणि मागं येऊन बसायचं. दोघांनी."

"मी कशाला? मी काय करू मालिका बघून?"

"मला एकटीला करमत नाय. टीव्ही न्हाय तर मी न्हाय. तुमचं तुम्ही जावा."

आई ब्लाउज शिवायची. सातच्या सुमाराला ती रोज मशीनवर असायची आणि समोरचा टीव्ही बातम्यांवर असायचा, आण्णांसाठी. कुठलीही मालिका ती सलग आठ दिवस बघताना मी पाहिली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचं पुढे काही केलं नाही.

तर भिंत. पायथ्याची भिंत, म्हणजे पलंगावर पडलं की समोर येणारी. नऊ मिलिमीटरचं प्लायवूड आणि त्याच्यामागे एक इंची चौकोनी पाइपांचा सांगाडा. स्क्रू पाइपात गेला तर टीव्ही दहा वर्षं हलणार नाही. नुसत्या प्लायवूडमध्ये गेला तर पहिल्या पाच-पन्नास स्पीडब्रेकरांत भोक मोठं होऊन टीव्ही पलंगावर येणार. टीव्ही तीन किलो चारशे ग्रॅम होता. स्पीडब्रेकरवर गाडी आदळली की स्क्रूवर किती भार येईल ते मी आदल्या दिवशी काढून ठेवलं होतं आणि वही दाखवायला घेऊन आले होते.

"ती वही ठेव तिकडं," आण्णा म्हणाले. "पाइप कुठाय ते सांगती का तुझी वही?"

"चुंबक फिरवला तर सांगता येईल."

"चुंबक." त्यांनी मधलं बोट दुमडलं आणि त्या पेरानं भिंतीवर टकटक करत डावीकडून उजवीकडे गेले. आवाज पोकळ, पोकळ, पोकळ, मग एकदम भरीव. "इथं." पुन्हा पोकळ, पुन्हा भरीव. "आणि इथं. मार फुली."

मी फुल्या मारल्या आणि मग गुपचूप चुंबक लावून बघितला. दोन्ही जागी चिकटला.

आण्णा चौतीस वर्षं वर्कशॉपमध्ये पत्राकामाला होते. बसच्या अंगावरचा पत्रा ठोकून, ताणून सरळ बसवायचा. त्यांना तिथं हणमंत शेडगे म्हणून फार कमी लोक ओळखायचे. नाव पडलं होतं पाणसळ. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला ती बुडबुड्याची पट्टी ठेवतात, ती. तीस फुटी बसच्या बाजूला मधेच पाव इंच पोट आलं असेल, तर आण्णा बसच्या मागच्या कोपऱ्याला एक डोळा लावायचे आणि सांगायचे, सातव्या खिडकीखाली. मग पट्टी लावली की पोट सातव्या खिडकीखालीच सापडायचं. त्यामुळे आमच्या घरात सरळ-वाकड्याचा निकाल नेहमी आण्णांकडून यायचा. देवाचा फोटो, कॅलेंडर, आईनं ब्लाउजला लावलेली काठाची पट्टी. आण्णा म्हणाले वाकडं, की ते वाकडं. कुणी मोजून बघायच्या भानगडीत पडायचं नाही. मीसुद्धा नाही.

"उंची किती घ्यायची?" मी विचारलं.

"पलंगावर पड आणि सांग, डोळ्याला कुठं बरं वाटतंय."

मी पडले. त्यांनी लोखंडी पट्टी भिंतीला धरली, वर-खाली केली. मी थांबा म्हटलं तिथं थांबले.

"पाणसळ लावायची?" मी मोबाइलमधलं ते ॲप उघडत म्हणाले.

"बसमधी पाणसळ? गाडी काय सपाट उभी असती का कधी? आज इथं, उद्या घाटात. बसमधी कायबी लावायचं तर जमिनीपासनं मापायचं. दोन्हीकडचं माप एक आलं की झालं. पत्र्याला हीच रीत." त्यांनी टेप माझ्याकडे दिली. "वाच तू. ते बारके आकडे लिहित्यात हल्ली."

मी मापं वाचली आणि चार फुल्या मारल्या. आण्णांनी ड्रिल घेतली. पहिल्या फुलीवर बिट टेकवताना त्यांनी मान किंचित उजवीकडे वळवली, कोंबडी दाणा बघताना वळवते तशी. मशीन फिरली, लाकडाचा भुगा पडला, मग लोखंडाचा कर्कश आवाज आलाच नाही. बिट एकदम आत गेलं.

"चुकलं," मी म्हणाले.

"बिट घसरलं."

मी मोजलं. भोक फुलीच्या मध्यापासून अठरा मिलिमीटर डावीकडे होतं. प्लायवूडवर बिट घसरलं तर बारीक ओरखडा राहतो. ओरखडा नव्हता.

"नवीन प्लायवूड असंच असतंय, गुळगुळीत," आण्णा म्हणाले. त्यांनी मशीन माझ्या हातात दिली. "तूच मार. उद्या मी नसल्यावर तुला यायला पाहिजे."

बाकीची भोकं मी मारली. ते शेजारी उभे राहून ऐकत होते. लोखंड लागलं की म्हणायचे, "हां, आता सोड." चारही स्क्रू पाइपात गेले. चुकलेलं भोक पट्टीच्या मागे झाकलं गेलं. साडेअकराला आम्ही टीव्ही उचलून पट्टीवर अडकवला. मी जमिनीपासून खालच्या कडेची उंची घेतली. डावं टोक एक हजार एकशे चौदा मिलिमीटर. उजवं टोक एक हजार एकशे चौदा.

"सारखं आलं," मी म्हणाले.

आण्णा पलंगावर आडवे झाले, उशी दुमडून मानेखाली घेतली.

"उजवीकडं पडलाय."

"आण्णा, आत्ताच मोजलं."

"उजवा कोपरा खाली गेलाय. लोंबल्यासारखा दिसतोय."

मी पुन्हा मोजलं. एक हजार एकशे चौदा. त्यांना सांगितलं.

"टेप सरकली असंल. मला दिसतंय ते सांगतोय. चौतीस वर्षं हेच केलंय बाळा."

मला आता याचं नवल वाटतं, पण तेव्हा मला शंका माझ्या मापाची आली. जमीन एखाद्या जागी फुगली असेल, टेपचं टोक वाकलं असेल. भौतिकशास्त्राची पाच वर्षं एका बाजूला आणि पाणसळ एका बाजूला, आणि मी पाणसळीच्या बाजूला गेले. उजवीकडचे दोन स्क्रू सैल केले. छिद्रं लांबट असल्यामुळे पट्टी थोडी वर सरकवता येत होती. आण्णा पलंगावरून सांगत होते, अजून, अजून, बास. स्क्रूपाशी दीड मिलिमीटर सरकलं, म्हणजे टीव्हीच्या कडेला चार.

"आता कसं," आण्णा म्हणाले. "आता वळंबा लावल्यागत दिसतोय. इंदू, ये बघायला."

आई चहा घेऊन आली. गाडीच्या दारातून वाकून, ओट्याला वळसा घालून. तिनं कप कपाटाच्या कडेवर ठेवला, मग आण्णांचा हात धरून कपाच्या कानाजवळ नेला. हे तिनं इतक्या सहज केलं की मी तिकडे बघत नसते तर कळलंही नसतं.

"छान दिसतोय," ती टीव्हीकडे बघून म्हणाली.

आण्णा चहा घेऊन उठले, दारापर्यंत गेले, वळले आणि पुन्हा टीव्हीकडे बघितलं.

"आता डावीकडं पडला."

"डावीकडं कसा पडेल? मी हात नाही लावला."

"मग स्क्रू सैल हाय. डावा कोपरा बघ की. खाली आलाय."

मी स्क्रू तपासले. चारही घट्ट होते.

कॉलेजात आम्हाला मायक्रोस्कोप शिकवताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. बघताना डाग दिसला तर काचपट्टी पुसत बसू नका. आधी आपण डोळा लावतो ते भिंग जागच्या जागी गोल फिरवा. डाग जागेवर राहिला तर घाण पट्टीवर आहे. डागही गोल फिरला तर घाण भिंगावर आहे.

"आण्णा," मी म्हणाले, "जरा तिथंच थांबा. टीव्हीचा उजवा कोपरा बघा. फक्त उजवा. कसा आहे?"

"उजवा? खाली."

"आता डावा बघा."

"तोबी खाली."

"वरची कड बघा. मधोमध."

ते बघत राहिले. "मधी दबलीय."

"आता पलंगावर बसा आणि परत सांगा."

आम्ही हे चार जागांवरून केलं. मी वहीत लिहीत गेले. जिकडे आण्णा बघत होते तिकडची कड पडत होती. दुसरीकडे बघितलं की ती सरळ व्हायची आणि बघतील तिथली पडायची. चूक टीव्हीत असती तर एका जागी राहिली असती. ती आण्णांसोबत फिरत होती.

आई भिंतीला टेकून उभी होती. तिनं चहाचा रिकामा कप हातात धरला होता आणि तो ठेवायला ती जात नव्हती.

"टीव्हीच खराब दिलाय," आण्णा म्हणाले. "काच वाकडी असंल."

"बघते तपासून," मी म्हणाले. एवढंच खोटं मी त्या दिवशी बोलले.

लॅपटॉप आणून मी टीव्हीला जोडला आणि पडद्यावर रेघा काढल्या. काळ्यावर पांढऱ्या, उभ्या आणि आडव्या, एक-एक सेंटिमीटरवर. मधोमध एक ठिपका. पलंगाच्या पायथ्याला आण्णांना बसवलं आणि त्यांच्या डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेप लावली. साठ सेंटिमीटर.

"एक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडे बघायचं. रेघा कशा दिसतात ते सांगायचं."

"टीव्ही तपासायला माझा डोळा कशाला झाकायचा?"

आईनं कप खाली ठेवला. ती आण्णांच्या शेजारी बसली आणि तिनं आपला तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"सांगा," ती म्हणाली.

"दिसत्यात की. सगळ्या दिसत्यात. ठिपक्याच्या खाली जरा लहरी हाय, पाण्यात काठी धरल्यागत. बाकी सरळ."

"किती चौकोनांत लहर आहे?"

त्यांनी बोट लावून दाखवलं. मी मोजले. आठ.

आईनं हात काढला आणि डाव्या डोळ्यावर ठेवला.

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला, त्यानं पलंगाखालची गाडी किंचित हलली. मग ते म्हणाले, "ठिपका कुठाय?"

"मधे."

"मधी काय न्हाय."

"काय दिसतंय मधे?"

"चौकोनच न्हाईत. कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यागत झालंय. त्याच्या कडंच्या रेघा आत ओढल्यात." ते थांबले. "रबराचा बोळा फिरवलायस का तू?"

"नाही, आण्णा."

"मग दाखव माझं बोट धरून, कुठनं कुठपर्यंत."

"ते तुम्ही दाखवायचं. जिथं चौकोन दिसायला लागतात तिथं बोट थांबवा."

त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं आणि हळूहळू फिरवत पुन्हा सुरुवातीला आणलं. पत्र्याला पोचा पडल्यावर त्याची कड ते अशीच चाचपत असणार. मी त्या कडेच्या आतले चौकोन मोजले. सत्तावीस. रुंदी जास्तीत जास्त सहा.

"किती आलं?"

"सत्तावीस."

"म्हणजे काय समजायचं?"

मी सांगितलं. तेव्हा मला वाटत होतं की मी एक गणित सांगते आहे आणि माझा आवाज अगदी साधा होता. साठ सेंटिमीटरवर सहा सेंटिमीटर, म्हणजे अंतराच्या एक दशांश. रस्त्यावर चाळीस मीटर पुढे तेवढीच जागा चार मीटर रुंद होते.

"चार मीटर." आण्णांनी ते मनात कशाशी तरी ताडून बघितलं. "म्हणजे आख्खी मोटरसायकल."

"हो."

"बसलेल्या माणसासकट."

"हो."

"पण दुसरा डोळा हाय की. दोन्ही उघडे ठेवल्यावर मला दिसतंय. काल वाईला जाऊन आलो."

"दोन्ही उघडे ठेवूनच तुम्हाला हा टीव्ही वाकडा दिसला," मी म्हणाले. "आणि भोक अठरा मिलिमीटर चुकलं."

त्यांनी आईकडे तोंड केलं. तिच्याकडे थेट नाही, जरा तिच्या कानाच्या बाजूला. ते असं बघायचे हे मी घरात कितीतरी महिने बघत होते आणि मला वाटायचं ते दुसराच काहीतरी विचार करताहेत.

"तुला ठाऊक होतं?"

आईनं तिच्या मांडीवरचा भुगा झटकला.

"गणपतीपासनं मी तुमच्या हातात सुई दिली न्हाय," ती म्हणाली.

ब्लाउज शिवताना तिच्या सुईत दोरा ओवायचं काम आण्णांचं होतं. मला आठवतं तेव्हापासून. ती न बघता सुई आणि दोरा त्यांच्याकडे धरायची, ते बातम्या बघता बघता एका झटक्यात ओवून परत द्यायचे. सप्टेंबरात तिनं बाजारातून दोरा ओवायची तारेची चिमटी आणली होती. मी विचारलं होतं, हे कशाला. ती म्हणाली होती, नवीन आलंय, बघू.

"तीन वेळा दोरा बाजूनं गेला," आई म्हणाली. "तुम्ही म्हणालात दोरा फुटलाय. मी म्हणलं, हां, फुटलाय."

"तवाच सांगायचं न्हाय?"

"काय सांगायचं? तुम्ही रोज सकाळी उठून इथं येऊन बसत होता. ओटा झाला, टाकी झाली. वर्कशॉपमधल्या झाडून सगळ्या माणसांना फोन करून सांगत होता, निघालो म्हणून. मी काय सांगणार? संध्याकाळी उजेड कमी झाला की तुम्हाला जास्त दिसत न्हाय एवढं मला कळलं होतं. दिवसा मी शेजारी बसीन, सांगत जाईन म्हणलं, हळू, पुढं बाई हाय, पुढं कुत्रं हाय." ती थांबली. "सातच्या आत गाडी उभी करायला तुम्हाला दुसरं काय सांगणार होते मी? मालिका सांगितली."

आण्णांनी टीव्हीकडे बघितलं. रेघा अजून पडद्यावर होत्या.

"कुठली मालिका?" त्यांनी विचारलं.

"न्हाय ठाऊक. लागती एक सातला."

यावर आण्णा हसले असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही. नाकातून श्वास सोडल्याचा आवाज आला. मी लॅपटॉप बंद केला. लॅपटॉप बंद केल्यावर पडदा निळा झाला आणि मी टीव्हीही बंद केला.

"तुझी वही काय म्हणती?" त्यांनी मला विचारलं. "गुरुवारचं."

ते मला विचारतील हे मला अपेक्षित नव्हतं. सरळ-वाकड्याचं आजवर त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. मी वहीतल्या त्या पानाकडे बघितलं. वर आठ, खाली सत्तावीस. माझं अक्षर नीट होतं.

"नाही," मी म्हणाले.

"दिवसा, सावकाश?"

"नाही, आण्णा."

"आंबोलीपर्यंत तरी?"

"नाही."

"बरं."

त्यांनी खिशातून आधी स्क्रू ड्रायव्हर काढला, मग रुमाल, मग गाडीची चावी. चावी तळहातावर ठेवून थोडा वेळ तिचं वजन केल्यासारखं केलं. "पाणसळीतलं पाणी सांडलं म्हणायचं," ते म्हणाले आणि चावी आईकडे धरली. आईनं ती घेतली. नंतर मी बघितलं तेव्हा ती तिच्या सुयांच्या डब्यात होती, त्या तारेच्या चिमटीशेजारी.

पलंगावर दोन मोठे आणि चार लहान स्क्रू, आणि नऊही वॉशर उरले होते. मी ते एका पिशवीत भरले. आण्णा म्हणाले झाडू आणतो, आणि गेले. दारातून उतरताना त्यांनी पायरी आधी पायानं चाचपली.

गुरुवारी पहाटे पाचला कुणीच उठलं नाही. साडेआठच्या एसटीनं आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. आण्णा खिडकीशी बसले. वाटेत एकदा समोरच्या सीटच्या वरच्या पत्र्यावर त्यांनी पेर टकटकवलं आणि कान लावून ऐकलं. डोळ्यांच्या डॉक्टर बाई तिशीच्या असतील. त्यांनी डोळ्यात औषध घातलं, तासाभरानं फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर आम्हाला दाखवले. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे बारीक रक्तवाहिन्या फुटून पाणी साठलं होतं. डाव्यातही सुरुवात झाली होती. डाव्याला इंजेक्शनं देता येतील, असं त्या म्हणाल्या. उजव्याच्या मध्यभागाचं मात्र आता फारसं परत येणार नाही.

"त्रास कधीपासून आहे, काका?"

"मंगळवारपासनं," आण्णा म्हणाले.

"गणपतीपासनं," आई म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं आणि कागदावर गणपतीचा महिना लिहिला. लवकर आला असतात तर, असं त्या म्हणाल्या. त्यांना ते रोजच कुणाला तरी म्हणावं लागत असणार. आई मान हलवत राहिली. परतीच्या बसमध्ये तिनं मला विचारलं, लवकर म्हणजे किती लवकर. मी म्हणाले, मला माहीत नाही. ते खरं होतं.

वर्कशॉपमधल्या लोकांचे फोन येत राहिले. आण्णा त्यांना सांगायचे, गाडीचं काम निघालंय.

याला आता चार वर्षं झाली. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. दुकानांतले आणि कारखान्यांतले तराजू, वजनं, टेपा आमच्याकडे तपासायला येतात. खरं माप आणि दाखवलेलं माप यांतला फरक काढायचा आणि प्रमाणपत्रावर लिहायचा, एवढंच काम. फरक किती असला तर चालेल हे वेगळ्या तक्त्यात दिलेलं असतं.

गाडी घरामागेच आहे. आण्णांनी तिला चार जॅकवर उचलून ठेवली आहे, टायर खराब होऊ नयेत म्हणून. डावा डोळा टिकला आहे, मोठी अक्षरं वाचतात. संध्याकाळी साडेसहाला आई घराला कडी लावते, दोघं मागे जातात आणि पलंगावर बसतात. सातला ती मालिका लागते. ती पहिली केव्हाच संपली, आता दुसरी आहे. आण्णा बहुतेक ऐकतात. कुणाचं लग्न मोडलं, कुणी कुणाला घराबाहेर काढलं, हे मी फोन केला की मला आईपेक्षा जास्त तपशिलात ते सांगतात.

गेल्या संक्रांतीला मी गेले होते तेव्हा त्यांच्याबरोबर मागे जाऊन बसले. जाहिराती लागल्यावर आण्णा उशीवर मागे रेलले आणि त्यांनी टीव्हीकडे, म्हणजे टीव्हीच्या जरा बाजूला, बघितलं.

"एकदा मापून बघ गं," ते म्हणाले. "सरळ हाय का."

"पुढं लागलीया," आई म्हणाली. "मधी उभी राहू नकोस."

मी वाकून भिंतीपाशी गेले. टेप अजूनही कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती. तिचं टोक जमिनीला टेकवलं आणि टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंत नेलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे दोन-दोनदा.

डावं टोक एक हजार एकशे चौदा मिलिमीटर. उजवं टोक एक हजार एकशे अठरा.